अंबाडीतली सुकट आणि आरिंतो

विशाखा रामटेके आमच्या कॉलेजात रुजू झाली तेव्हा पहिल्याच तासाला तिनं प्रत्येक पोराच्या हातात लिंबाची एकेक फोड दिली आणि सांगितलं, "चोखा. पण ज्यानं तोंड वाकडं केलं तो वर्गाबाहेर."

मी शेजारच्या खोलीत चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवत होते. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात हाउसकीपिंगच्या बाईची किंमत घरातल्या थोरल्या सुनेइतकीच, राबायचं तिनं आणि कौतुक स्वयंपाकघराचं. पलीकडून एवढा हशा आला की मी चादर तशीच टाकून दारात जाऊन उभी राहिले. पोरं डोळे घट्ट मिटून, नाकपुड्या फुगवून लिंबू चोखत होती. मधोमध ही. ठेंगणी, सावळी, कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी नेसलेली, तेलानं चप्प बसवलेले केस. स्वतःही लिंबू चोखत होती, पण चेहऱ्यावर एक रेघ हलेल तर शपथ.

"मुँह में क्या आया?" तिनं विचारलं. आमच्याकडे शिकवणं सगळं हिंदीतच चालतं.

"पानी, मॅम."

"बस. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे पुढचा घास हवासा वाटतो. पांढऱ्या वाइनचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. उरलेलं अर्धं मी वर्षभरात शिकवीन."

तर ही वाइन शिकवायची. रायपुरात, आणि तेही गुढियारीतल्या रेल्वेवाल्या घरातली, रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणारी बाई. शिकायला गेली तेव्हा बाकीचे विषय आधीच वाटले गेले होते आणि पेयांचा कुणी घेत नव्हतं, म्हणून तो हिच्या वाट्याला आला. मग गोव्याच्या एका हॉटेलात उमेदवारी केली आणि त्या विषयानं तिला धरलंच. पण इतक्या वर्षांत थेंबभर वाइन तिच्या घशाखाली उतरली नव्हती. तोंडात घ्यायची, खळखळवायची, नाकातून श्वास सोडायची आणि थुंकायची. तिनं गोलबाजारातून एक पितळी पिकदाणी आणली होती. ती टेबलावर ठेवल्याशिवाय तिचा तास सुरू होत नसे.

"या गावात सगळे थुंकतात," ती पोरांना म्हणायची, "भिंतीवर थुंकतात, जिन्यात थुंकतात, चालत्या बसमधून थुंकतात. पण अक्कल लावून थुंकणं कुणालाच येत नाही. ते मी शिकवते." आणि मग खरोखरच शिकवायची. ओठांचा चंबू, एक सरळ धार, एक थेंब बाहेर नाही. तिचे विद्यार्थी पुढे कुठकुठल्या हॉटेलांत लागले, पण गुटख्यानं रंगलेला जिना पाहिला की आजही त्यांना रामटेके मॅम आठवतात असं ते सांगतात.

तिचं लाडकं द्राक्ष होतं आरिंतो. पोर्तुगालचं पांढरं द्राक्ष. गोव्याच्या त्या हॉटेलात एका पोर्तुगीज पाहुण्यानं स्वतःबरोबर आणलेल्या बाटलीतलं थोडं हिला चाखायला दिलं होतं. "थुंकली ताई, पण जीभ विसरायले तयार नाही," असं ती मला सांगायची. चव कशी, म्हणून विचारलं तर पुस्तकातली इंग्रजी विशेषणं कधी सांगायची नाही. कागदी लिंबू, हिरवं सफरचंद, आणि शेवटी पाटा-वरवंटा धुऊन ठेवल्यावर दगडाला येतो तो वास. मी वाइन पिणारी नव्हे, आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात खोकल्याच्या औषधाकडेसुद्धा संशयानं पाहतात. पण धुतलेल्या पाट्याचा वास म्हटल्यावर मलाही कळलं.

त्या द्राक्षाचं तिला खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. उन्हात पिकलं की द्राक्ष गोड होतं आणि आंबटपणा सोडून देतं. हे सोडत नाही. रणरणत्या उन्हात पिकतं तरी आपलं आंबट ते आंबटच. मे महिन्यात रायपुरात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही तेव्हा ही कपाळाचा घाम पुसत म्हणायची, "अशा उन्हात जे नासत नाही नं ताई, ते खरं." आणि मग हसून, "आमची मायच आहे ते द्राक्ष. कितीही ऊन लागू द्या, गोड काही होत नाही."

या मायबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्याशिवाय विशाखा पुरी होत नाही. माय म्हणजे तिची आई, भागाबाई. अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, तिला मायच म्हणायचा. नवरा मालगाडीवर गार्ड होता. तो गेल्यावर दोन पोरी तिनं एकटीनं वाढवल्या. धाकटी लग्न होऊन गोंदियाला गेली, थोरली विशाखा बिनलग्नाची मायजवळ राहिली. मायच्या तरुणपणी गुढियारीत रुळाकाठी हातभट्टी चालायची. ती बायांना घेऊन गेली आणि एकेक मडकं मुसळानं फोडलं. भट्टीवाल्यानं हात उगारला तेव्हा म्हणाली म्हणे, "मार. पण आधी मडकी मोजून घे, नंतर म्हणशील जास्त फोडले." ते मुसळ त्यांच्या घरात दाराआड उभं असे. पाहुण्यांना दाखवायची ती वस्तू होती.

अशा बाईची थोरली पोरगी वाइनची मास्तरीण झाली! काही वर्षं मायला वाटत होतं, पोरगी स्वयंपाक शिकवते. मग पाऱ्यातल्या कुणाचा तरी मुलगा आमच्याकडे शिकायला आला आणि त्यानं घरी जाऊन पितळी पिकदाणीत थुंकण्याची नक्कल करून दाखवली. त्या संध्याकाळी काय झालं ते विशाखानं मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. बुद्धवंदना झाल्यावर मायनं मेणबत्ती तशीच जळू दिली आणि विचारलं, "पाचवं शील काय म्हणते?"

"नशेचं घ्यायचं नाही म्हणते."

"मंग तू काय करून राहिली?"

"मी पीत नाही माय. तोंडात घेते अन् थुंकते. पोटात काही जात नाही."

"तोंडात घेतलं म्हणजे घेतलं," माय म्हणाली.

"थुंकलं म्हणजे पेलं नाही," ही म्हणाली.

हा वाद त्या घरात पुढे कैक वर्षं चालला. भांडण नव्हे, वादच. दोघी एका ताटलीत पोहे खात तो घालायच्या. मी गेले की माय मला न्यायाधीश करायची. "तुम्ही सांगा बाई, कुल्ला केला तं पाणी तोंडात गेलं का नाही?" मी चहाच्या कपात तोंड घालायची. पण एक अट मायनं पक्की घातली होती. माझ्या हातचं जेवण त्या बाटलीजवळ न्यायचं नाही. नेलंस, तर माझ्या हातचं बंद.

आता यात ग्यानबाची मेख अशी की मायच्या हातची अंबाडीतली सुकट हे एक अजब प्रकरण होतं. सुके झिंगे तव्यावर खरपूस भाजायचे, अंबाडीचा पाला, त्याला इकडच्या भाजीवाल्या अमारी म्हणतात, तो शिजवून घोटायचा, लसूण, नावाला मिरची, जवसाच्या तेलाची धार, आणि वरून गरम भात. आमच्या घरी मासळीचं नाव काढलं तरी सासूबाई अंगारा लावतील. मी मात्र गुढियारीत बसून बोटं चाटली आहेत. विशाखाचं म्हणणं, जगात आरिंतोला याहून चांगली जोडी नाही.

याबाबतीत ती नुसती मायेनं बोलत नव्हती. शिकवायला लागली की तिला माया-बिया काही नसे. एकदा शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाचा मॅनेजर आला होता, त्याला लग्नातल्या सावजी मटणाबरोबर परदेशी वाइन मांडायची होती. ही त्याला म्हणाली, "ताक मांडा. तिखटावर आंबट वाइन म्हणजे भाजल्यावर लिंबू पिळणं. पाहुणे तुमच्या नावानं ओरडतील." तो गेला तो परत आला नाही. तिचा नियम साधा होता. जेवण जितकं आंबट, त्याहून वाइन आंबट हवी, नाहीतर वाइन पाण्यासारखी लागते. तळलेल्या रोहूबरोबर आरिंतो चालते, कारण ती तेल कापते. ताज्या पनीरबरोबर चालते. पोर्तुगालची माणसं तिच्याबरोबर खारवलेली सुकी मासळी खातात, तीही चालते. "मग सुकी मासळी अन् वरून अंबाडी," ती म्हणायची, "दुसरी कोणती वाइन उभी राहील तिच्यासमोर? एकीचीही छाती नाही." पण हे सगळं डोक्यातलं. जिभेवर दोन्ही एकत्र कधी आली नव्हती. मायची अट होती आणि विशाखा ती पाळत होती.

मग तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं घात केला. पोरगी लिस्बनच्या एका हॉटेलात लागली होती. सुट्टीत घरी आली तेव्हा मॅमसाठी आरिंतोची बाटली घेऊन आली. विशाखानं ती कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दिवसातून चारदा दार उघडून पाहू लागली. नेमकी तेव्हाच बाजारात अंबाडी आली होती आणि डब्यात माय सुकट देत होती.

मी तिथेच होते. तिनं डबा उघडला, बंद केला, परत उघडला. "ताई, एकच घास," म्हणाली. एक घास खाल्ला, एक घोट तोंडात घेतला, आणि डोळे मिटले. मी तिला कधी इतकं शांत पाहिलं नव्हतं. तिनं नेहमीसारखी सरळ धार पिकदाणीत सोडली, आणि मग एखाद्या पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. "जमलं! ताई, जमलं! माह्या मायच्या सुकटीनं पोर्तुगालले उभं केलं!"

इथपर्यंत ठीक होतं. कुणाला कळणार होतं? पण पाचव्या शिलाच्या आधी चौथं येतं, खोटं न बोलण्याचं, आणि या बाईला दोन्ही पाळायची होती. शिवाय ती आनंदानं फुटायला आली होती. घरी गेली आणि चपला काढता काढता मायला सगळं सांगून मोकळी झाली. तिला वाटलं, माय रागावेल आणि मग खूश होईल. आपल्या हातच्या जेवणाचं एवढं कौतुक ऐकून कुठली आई खूश होणार नाही?

माय रागावली नाही. "बरं," म्हणाली. त्या दिवसानंतर तिनं सुकट केली नाही.

बाकी सगळं करायची. वरण, भाकरी, पाटवडी, सणाला पुरणपोळी. हिच्या डोक्याला तेल लावायची. वादसुद्धा चालू राहिला. पण अंबाडीची जुडी घरात आली नाही. विशाखा आणायची तर माय ती शेजारणीला देऊन टाकायची. विचारलं तर म्हणायची, "हात दुखते." असे तीन-चार हिवाळे गेले. मला वाटायचं, विसरेल म्हातारी. नाही विसरली. आणि विशाखा मला एकदा म्हणाली ते मला आजही सलतं. "ताई, मारलं असतं नं मले, तं बरं झालं असतं."

पुढे मायच्या घशात गाठ निघाली.

ते सगळं सांगत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट, नाकातून नळी, नळीतून पातळ अन्न. गिळायचं नाही, गिळलं तर फुप्फुसात जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मडकी फोडणारी ती बाई पलंगाच्या दांड्यासारखी झाली होती. आवाज गेला होता, नुसता वारा उरला होता, पण तेवढ्या वाऱ्यातही हुकूम सोडायची.

एक दिवस म्हणाली, "बजारात अमारी आली का?"

विशाखा उठलीच. डॉक्टरांना विचारून आली. गाळलेला रस्सा चमच्यानं तोंडात द्या, चव घेऊन लगेच थुंकू द्या, एक थेंब आत जायला नको, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला मी गेले तेव्हा ती डबा घेऊन आलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मायची सुकट स्वतः केली होती. मायनं कधी शिकवलं नव्हतं, जिभेच्या आठवणीवर केली होती. वाटी स्टीलची, थुंकायला दुसरी वाटी स्टीलची. तिनं मायच्या पाठीशी उशी लावली, हनुवटीखाली टॉवेल धरला.

"गिळायचं नाही, माय. तोंडात फिरव. जिभेवर धर. आता नाकातून श्वास सोड. हं, थुंक."

मी तो पाठ शेजारच्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकला होता. मायनं ओठांचा चंबू केला. धार काही जमली नाही, अर्धं टॉवेलवर सांडलं. विशाखानं पुसलं.

मायनं ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "झिंगे भाजले नाही तू."

"भाजले, माय."

"कमी भाजले." आणि थांबून, "दे. अजून दे."

असे पाच-सहा चमचे झाले. मायच्या तोंडावर जरा रंग आल्यासारखा मला वाटला. ती वाटीतल्या त्या हिरवट पाण्याकडे पाहत होती.

"असंच करते तू? कॉलेजात?"

"हव."

"तोंडात धरते, अन् थुंकते."

"हव, माय."

"तुहंच खरं होतं वो पोरी," माय म्हणाली. "थुंकलं तं पोटात काहीच जात नाही. जीभ जेवली, मी उपाशीच."

इतक्या वर्षांचा वाद विशाखा जिंकली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"नाही, माय," ती म्हणाली, "माह्यं चुकलं होतं. तुहं खरं. तोंडात घेतलं म्हणजे घेतलं. तू जेवली आज."

"जेवली?"

"पोटभर जेवली."

मायनं तिच्याकडे रोखून पाहिलं. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर तीच, भट्टीवाल्याला मडकी मोजायला लावणारी. "मंग तू पेलीस," म्हणाली.

वॉर्डात कुणाचा तरी डबा पडला, कुणी कुणाला हाक मारत होतं. विशाखानं चमचा वाटीत ठेवला. जन्मभर जे तिनं केलं नव्हतं, ज्याच्यासाठी तिनं मायच्या हातची सुकट गमावली होती, ते आता कबूल करायचं होतं. न केलं तर माय उपाशी राहत होती.

"हव, माय," ती म्हणाली. "पेली मी."

मायनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. सुया टोचून काळानिळा पडलेला हात उचलून तिनं विशाखाच्या तोंडावरून फिरवला, ओठांवरून, हनुवटीवरून, लहान पोराचं खरकटं तोंड पुसावं तसा. "भांडे धुऊन टाक," म्हणाली. "वास राह्यते मंग."

विशाखा वॉर्डाबाहेरच्या नळावर वाट्या घासत बसली. मी शेजारी उभी होते. रडू मला येत होतं, ती नुसती घासत होती. आठवड्याच्या आत माय गेली.

विशाखा आता रायपुरात नाही. गोंदियाला बहिणीजवळ राहते, तिथल्या एका शाळेत मुलांच्या जेवणाचं पाहते. फोन होतो. तब्येत, पाणी, पगार सगळं बोलते, चवीचं काही बोलत नाही. मीही काढत नाही. बाजारात अंबाडीची जुडी दिसली की मी पलीकडच्या बाजूनं जाते.

मी तिला वर्गात शेवटची पाहिली ती मायचं सगळं आटोपून ती कामावर परतली तेव्हा. कपाटात आरिंतो राहिली नव्हती, कुठलीशी देशी पांढरी वाइन होती. नेहमीसारखी पांढरी साडी, टेबलावर घासून लख्ख केलेली पिकदाणी, समोर नवी पोरं. मी दारातच होते, ती बरी आहे ना हे पाहायला म्हणून मुद्दाम आले होते. तिनं पेला तिरपा धरून रंग दाखवला, वास घेतला, घोट तोंडात घेतला, खळखळवला. मग पिकदाणीवर वाकली.

आणि तशीच राहिली. गाल फुगलेले, ओठ मिटलेले. थुंकावं तर माय त्या खाटेवर उपाशी मेली. गिळावं तर पाचवं शील मोडलं, आणि ते तर तिनं मायच्या तोंडावर आधीच मोडून घेतलं होतं. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सगळी वाट पाहत होती, पेनं हातात धरून. विशाखाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि टपटप त्या पितळी पिकदाणीत पडू लागलं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीला काय वाटलं कोण जाणे. ती उठली, दोन्ही हातांनी पिकदाणी उचलून तिच्या तोंडाजवळ धरली आणि अगदी हळू, तिनंच शिकवलेल्या आवाजात म्हणाली, "मॅम, थूक दीजिए."

विशाखानं मान हलवून नाही म्हटलं.